शार्कचे दात, हिवाळ्यातलं पाणी आणि डॉक्टरांची ‘फक्त सही’

दिवाळी आटोपली की माझ्या टेबलावर फिटनेस सर्टिफिकेटचे कागद वाढू लागतात. शाळेच्या सहली, सह्याद्रीतले ट्रेक, मॅरेथॉन हे नेहमीचे. गेल्या काही वर्षांत त्यात स्कूबा डायव्हिंगच्या फॉर्मची भर पडली आहे. बहुतेकांना तारकर्ली, गोवा नाहीतर अंदमानला जायचं असतं. यंदा मेहरूणमधल्याच एका पेशंटचा बेत जरा वेगळा निघाला. (त्यांना विचारून आणि ओळख पटणार नाही अशा बेताने लिहितो आहे.) वय ५४, मुलगा अमेरिकेत साउथ कॅरोलिना राज्यात नोकरीला. नाताळच्या सुट्टीत बापलेक तिथल्या पाण्यात उतरणार आणि तळातून जीवाश्म झालेले शार्कचे दात शोधून आणणार! दोघांनी काही वर्षांपूर्वी अंदमानात डायव्हिंगचा पहिला कोर्स केलेला. तेव्हा वडिलांना बीपीची गोळी नव्हती, आता आहे. म्हणाले, “सर, तपासायचं काही नाही, मी ठणठणीत आहे. फक्त सही हवी.”

बेत मला मनापासून आवडला. पन्नाशीनंतर माणसाला अशी हौस असणं हेच प्रकृतीचं चांगलं लक्षण. माझा आक्षेप आहे तो त्या ‘फक्त’ला. स्कूबाच्या फॉर्मवरची सही ही सहलीच्या सहीसारखी नसते. असं का, ते समजलं तर तुम्ही स्वतःच अशी सही मागायला येणार नाही, म्हणून हा लेख.

आधी त्या दातांविषयी थोडं, कारण लोक एवढ्या गार पाण्यात का उतरतात हा प्रश्न तुम्हाला पडला असेलच. शार्कच्या अंगात हाडं नसतात. आपल्या नाकाच्या शेंड्यात असते तशा कूर्चेचा सगळा सांगाडा असतो. मासा मेला की कूर्चा कुजून जाते, दात मात्र टिकतात. शिवाय शार्कचे दात आयुष्यभर पडत राहतात आणि नवे येत राहतात; एकेका माशाचे हजारो दात समुद्राच्या तळाशी जातात. गाळात गाडले गेलेले दात लाखो वर्षांत खनिजं शोषून काळे, करडे, तपकिरी दगड होतात. यांतला सगळ्यांना हवासा वाटणारा दात मेगालोडॉनचा. हा अवाढव्य शार्क सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी नामशेष झाला. त्याचा मोठ्यातला मोठा दात १८ सेंटिमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे तळहातात मावत नाही.

आपल्या खानदेशात असे दात मिळत नाहीत. आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा थंड झालेला लाव्हा, त्यात समुद्रातला मासा कुठून येणार? भारतात इतरत्र मात्र शार्कचे दात सापडतात, तेही अगदी कोरड्या जागी. २०२१ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी जैसलमेरच्या खडकांतून सोळा कोटी वर्षांहून जुने दात शोधल्याचं जाहीर केलं. त्या नव्या जातीला ‘स्ट्रोफोडस जैसलमेरेन्सिस’ असं नाव मिळालं. राजस्थानचं वाळवंट तेव्हा समुद्राखाली होतं.

पाण्याखाली जाऊन दात शोधण्याचा छंद मात्र अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरचा. नॉर्थ कॅरोलिनात विल्मिंग्टनपासून बोटीने बरंच आत गेलं की समुद्राच्या तळाशी, साधारण ३० मीटर खोलीवर, मेगालोडॉनच्या दातांच्या प्रसिद्ध जागा आहेत. साउथ कॅरोलिनात कूपर नदी आहे. तिची खोली कमी, पण पाणी इतकं गढूळ आणि काळं की टॉर्च असूनही हातभर पलीकडचं दिसत नाही, वर भरती-ओहोटीचा ओढा. फ्लोरिडातलं व्हेनिस हे गाव तर स्वतःला जगाची ‘शार्कदातांची राजधानी’ म्हणवतं. तिथलं पाणी तुलनेने उथळ. जानेवारीत ते साधारण १७-१८ अंशांवर येतं. आकडा वाचून तुम्ही म्हणाल, आपल्याकडे जळगावात पहाटे याहून जास्त गारठा असतो. पण पाणी शरीरातली उष्णता हवेच्या कित्येक पट वेगाने ओढून घेतं. १८ अंशांच्या हवेत तुम्ही स्वेटर घालून फिराल. १८ अंशांच्या पाण्यात चांगला जाड वेटसूट नसेल तर अर्ध्या तासात बोटं ऐकेनाशी होतात.

आता शरीराकडे वळू.

पाण्यात दर १० मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो. पृष्ठभागावर एक, १० मीटरवर दोन, ३० मीटरवर चार. फुगा भरून १० मीटर खाली नेला तर तो अर्धा होतो. तुमच्या शरीरात असे फुगे बरेच आहेत: कानाचा पडद्यामागचा भाग, चेहऱ्याच्या हाडांतल्या पोकळ्या म्हणजे सायनस, आणि फुफ्फुसं. गंमत अशी की आकारमानात सर्वांत मोठा फरक पहिल्या १० मीटरमध्येच पडतो. त्यामुळे “आम्ही काय, थोडंसंच खाली जाणार” हे वाक्य कानांच्या दृष्टीने फारसं उपयोगाचं नाही.

कान आणि घसा जोडणारी एक बारीक नळी असते. नाक दाबून हलकेच फुंकर मारली की ती उघडते आणि दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. डायव्हरने हे दुखायला लागण्याआधी, उतरायला सुरुवात केल्यापासून, दर अर्ध्या-एक मीटरला करायचं असतं. सर्दी असेल तर नळीचं तोंड सुजतं आणि उघडत नाही. जोर लावला तर पडदा फाटू शकतो, आतल्या कानाला इजा होऊन कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. आपल्याकडे हिवाळा म्हणजे कोरडी धूळ आणि कापसाचा हंगाम. जिनिंगमध्ये काम करणाऱ्या किंवा तिच्याजवळ राहणाऱ्या कितीतरी पेशंटांचं नाक नोव्हेंबरपासून बंदच असतं. असा माणूस सुट्टीवर जातो, पैसे भरलेले असतात, मग नाक मोकळं करणारी गोळी किंवा स्प्रे घेऊन उतरतो. औषधाचा असर खाली असतानाच संपला तर वर येताना हवा अडकते, आणि वर येणं तर पुढे ढकलता येत नाही. सर्दी असेल त्या दिवशी उतरू नका. याला माझ्याकडे दुसरा पर्याय नाही.

फुफ्फुसांचं गणित याहून कडक आहे. स्कूबाच्या नळकांड्यातली हवा आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाने मिळते. ती छातीत भरून श्वास रोखून वर आलात तर ती पसरते. अगदी दीड-दोन मीटर वर येतानाही फुफ्फुस फाटून हवेचे बुडबुडे रक्तात आणि तिथून मेंदूत जाऊ शकतात. म्हणून डायव्हिंगचा पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. गिरणेत, तापीत पोहायला शिकलेल्यांनी हे नीट लक्षात घ्या. तिथे डुबकी मारायची म्हणजे श्वास रोखायचा, हीच आपली सवय. उत्तम पोहणारा माणूसही या बाबतीत नवशिकाच असतो.

निरोगी फुफ्फुसाला नियम पाळला की पुरतं. पण फुफ्फुसात एखादी जागा अशी असेल की जिथे हवा जाते आणि सहज बाहेर येत नाही, तर नियम पाळूनही धोका राहतो. दमा चालू असताना असं होतं. जुन्या टीबीने सोडलेल्या पोकळ्या आणि व्रण असतील तर होतं. वर्षानुवर्षं विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या फुफ्फुसात हवेचे फुगे तयार झालेले असतात, तिथे होतं. टीबीचा कोर्स पूर्ण झाला, डॉक्टरांनी ‘बरा’ म्हटलं, हे खरंच आहे. पण ‘टीबी बरा झाला’ आणि ‘फुफ्फुस पूर्वीसारखं झालं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. अशा पेशंटचा छातीचा एक्स-रे, फुंकर मारून करायची पीएफटी तपासणी आणि गरज पडली तर सीटी स्कॅन पाहिल्याशिवाय मी मत देत नाही. आपोआप फुफ्फुस फाटून छातीत हवा भरल्याचा इतिहास असेल, म्हणजे ज्याला आम्ही न्यूमोथोरॅक्स म्हणतो, तर माझं उत्तर सरळ ‘नाही’ असतं.

एका तरुणाने मला विचारलं होतं, “सर, दम्याच्या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिलं तर कोणाला कळणार?” मी म्हटलं, कोणालाच नाही, तू तिथल्या इन्स्ट्रक्टरला दिसशील तो एक धडधाकट मुलगा. पण वर येताना तुला धाप लागली तर तो घाबरलास असं समजेल, दम्याचा अटॅक आहे हे त्याला सुचणारच नाही. त्या मुलाचा दमा खरं तर नियंत्रणात होता आणि योग्य तपासण्यांनंतर त्याला परवानगी मिळण्याची बरीच शक्यता होती. लपवायची गरजच नव्हती.

आता हृदय, म्हणजे माझ्या त्या ५४ वर्षांच्या पेशंटचा विषय. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं तरी पायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं, अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त. पाणी गार असेल तर हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, बीपी आणखी चढतं. हृदयावर एकाच वेळी दोन्हीकडून ताण येतो. काहींच्या, विशेषतः बीपी असलेल्या मध्यमवयीन माणसांच्या, फुफ्फुसात अशा वेळी पाणी साठतं. माणूस नाकातोंडात पाणी न जाताही आतून बुडू लागतो: धाप, खोकला, कधी गुलाबी फेस. याला आम्ही इमर्शन पल्मनरी एडीमा म्हणतो. एकदा झालं तर पुन्हा होण्याची शक्यता असते, त्यामुळे त्यानंतर डायव्हिंग बंद. शिवाय डायव्हिंगमधल्या मृत्यूंच्या नोंदी पाहिल्या तर बुडण्यानंतरचं मोठं कारण हृदयाचंच दिसतं.

बीपी आहे म्हणून कोणाला डायव्हिंग बंद होत नाही. बीपी ताब्यात हवं आणि हृदयाला कष्ट झेपायला हवेत, एवढंच. त्या दिवशी त्यांचं बीपी १५८/९६ निघालं, आणि स्वतःला ठणठणीत म्हणणारे ते गोळी ‘आठवेल तेव्हा’ घेत होते. मी सही केली नाही. गोळी नियमित करायला सांगितली, रक्त तपासणी, ईसीजी, टूडी इको आणि ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट लिहून दिली, तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं. तोंड जरा वाकडं झालं, पण आले. घरच्या घरी करता येईल अशी एक परीक्षा त्या फॉर्ममध्येच दिली आहे: १.६ किलोमीटर अंतर १४ मिनिटांत चालता येतं का, किंवा न थांबता २०० मीटर पोहता येतं का. मेहरूण तलावावर रोज सकाळी फिरायला येणाऱ्यांनी एकदा घड्याळ लावून पाहावं. गप्पा मारत चाललात तर वेळेत होणार नाही, हे आधीच सांगतो.

मधुमेहींसाठी थोडक्यात. नुसत्या मेटफॉर्मिनवर शुगर चांगली असेल तर प्रश्न कमी. इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणू शकणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पाण्याखाली साखर उतरणं घातक, कारण घाम, थरथर, गोंधळ ही लक्षणं गारठ्यात ओळखू येत नाहीत. अशांसाठी जे नियम मानले जातात त्यांत उतरण्यापूर्वी शुगर १५० च्या वर आणि स्थिर हवी असं सांगितलेलं आहे, आणि खोलीची मर्यादा ३० मीटर.

आता दात शोधण्याकडे येऊ, कारण माझ्या मते खरा धोका इथे वाढतो आणि याबद्दल फारसं बोललं जात नाही. साधा डायव्हर आजूबाजूला पाहत तरंगतो. दात शोधणारा मान खाली घालून वाळू उकरतो, दगड उलटे करतो, थैली भरतो. तो काम करत असतो. ३० मीटरवर दाब चौपट, म्हणून हवाही पृष्ठभागापेक्षा चौपट वेगाने संपते, त्यात कष्टाने श्वास आणखी वाढतो. साध्या हवेवर त्या खोलीला थांबे न घेता राहण्याची मर्यादा जेमतेम २० मिनिटं आहे. तिथे नायट्रोजनमुळे डोक्यावर हलकी नशा चढते, निर्णय बिघडतात. आणि बरोबर अशा वेळी वाळूतून एक काळं टोक दिसतं. ‘एवढा एकच काढतो’ असं वाटणं अगदी माणसासारखं आहे. थैलीतल्या दगडांच्या वजनाने तरंगण्याचा तोल जातो, जोडीदार गढूळ पाण्यात दिसेनासा होतो, हवेचं मीटर पाहायचं राहून जातं.

शिवाय पहिल्या कोर्सनंतर तुम्हाला १८ मीटरपर्यंतच जायची मुभा असते. विल्मिंग्टनची ती जागा त्या प्रमाणपत्रात बसत नाही, मग शरीर कितीही फिट असो. तारकर्लीला इन्स्ट्रक्टरचा हात धरून केलेली वीस मिनिटांची सफर म्हणजे तर कोर्सही नव्हे. (आणि मालवणच्या तळातून शंख, प्रवाळ उचलायची सवय लावून घेऊ नका. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि प्रवाळाला कायद्याचं संरक्षण आहे. साउथ कॅरोलिनातही नदीच्या तळातून जीवाश्म काढायला राज्याचा परवाना लागतो. फ्लोरिडाने शार्कच्या दातांना जीवाश्मांच्या परवान्यातून सूट दिली आहे.)

म्हणून ‘डायव्हिंगसाठी फिट’ असं मोघम लिहिणं मला पटत नाही. मला विचारायचं असतं: किती खोल, पाणी किती गार, प्रवाह किती, तळाशी काम करणार की नुसतं पाहणार, सोबत कोण. तीन आठवड्यांनी त्या गृहस्थांचं बीपी १३२/८४ होतं आणि स्ट्रेस टेस्ट चांगली आली. मी त्यांना उथळ, स्वच्छ, प्रवाह नसलेल्या पाण्यासाठी, जाड वेटसूट आणि अनुभवी डायव्हर सोबत असण्याच्या अटीवर होकार दिला. काळ्या नदीला नकार दिला. मुलगा फोनवर जरा नाराज झाला. त्याला सांगितलं की त्याच राज्यात फॉली बीच आणि मर्टल बीच आहेत, व्हेनिसलाही किनाऱ्यावर लोक चाळण्या घेऊन उभे असतात, आणि ओहोटीच्या वेळी वाळूत दात सापडतात. तळहातापेक्षा मोठा मेगालोडॉन तिथे मिळणं कठीण, पण लहान दात खिसाभर मिळतात. मला विचाराल तर ५४ व्या वर्षी डिसेंबरमध्ये मी हेच करेन.

परतीच्या प्रवासाचं गणितही तिकीट काढण्याआधी करा. दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. तो पूर्ण जाण्याआधी उंचावर गेलात तर सोडावॉटरची बाटली उघडावी तसे बुडबुडे होतात. म्हणून एक साधी डाइव्ह असेल तर विमानापूर्वी किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस असतील तर किमान १८ तास थांबायचं, आणि मी सरसकट २४ सांगतो. विमान सगळ्यांच्या लक्षात असतं, घाट कोणाच्याच नसतो. मालवणहून आंबोलीमार्गे निघालात तर काही तासांत सुमारे ७०० मीटर उंचीवर पोहोचता. उथळ सफरीनंतर याचा त्रास होण्याची शक्यता कमी. पण दोन-तीन खऱ्या डाइव्ह करून त्याच संध्याकाळी जळगावकडे गाडी काढू नका, एक रात्र किनाऱ्यावर काढा.

फॉर्मविषयी शेवटचं. त्यात दहा मुख्य प्रश्न आहेत. वय ४५ च्या वर असेल तर वेगळे उपप्रश्न, आणि रोजची कुठलीही डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी असेल तर बहुधा ‘हो’ लिहावं लागतं आणि डॉक्टरांची तपासणी लागते. ‘हो’ म्हणजे नापास नव्हे. खोटं ‘नाही’ लिहिलंत तर मात्र पुढे अपघात झाल्यावर विमा कंपनी तोच कागद तुमच्यापुढे ठेवेल. तसंही प्रवास विम्यात स्कूबा धरलं आहे का, किती मीटरपर्यंत, हे वाचून घ्या.

माझ्याकडे येणार असाल तर निघण्याच्या किमान महिनाभर आधी या. फॉर्म, चालू गोळ्यांची पाकिटं, जुने एक्स-रे आणि टीबी किंवा दम्याचे जुने कागद असतील ते सगळे आणा. आणि परत आल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत सांधे ठणकणं, हातपायांना मुंग्या, एका बाजूला अशक्तपणा, चक्कर, लघवीला अडथळा, असं काही वाटलं तर ज्या डॉक्टरकडे जाल त्यांना पहिल्याच वाक्यात सांगा की तुम्ही डायव्हिंग करून आला आहात. खानदेशातला डॉक्टर हे आपणहून विचारणार नाही, तो मणक्याचा एमआरआय लिहून देईल. या त्रासाला लगेच नळीने शुद्ध ऑक्सिजन आणि पुढे दाबाच्या चेंबरमधले उपचार लागतात. आपल्या राज्यात तशी सोय मुंबईला नौदलाच्या आयएनएचएस अश्विनी रुग्णालयात आहे, आणि तिथवर जायचं तर रस्त्याने किंवा रेल्वेने. हवाई रुग्णवाहिका घेतलीच तर आतला दाब जमिनीइतका ठेवायला सांगावं लागतं.